घरभेटीची वही

फॉर्मवर ‘समस्येचे स्वरूप’ असा रकाना आहे,
त्याला दोन ओळींची जागा.
पहिल्या भेटीत लिहिलं: पती व्यसनी, मारहाण.
दुसरी ओळ मोकळीच राहिली,
जणू त्या घरात सांगण्यासारखं आणखी काही नव्हतंच.

कुंभारीकडचं विडी घरकुल. एप्रिल.
पत्रा तडतडतोय.
अनसूया येमूल मांडीवर सूप घेऊन बसलेली,
नजर नसली तरी बोटं पान वळतायत.
“बोला की ताई, ऐकलाले मी. हात थांबवून परवडत नाय.”
हजार झाल्यावर तिनं मान वर केली
तेव्हा मला तिचा डावा डोळा दिसला.
मी विचारलं नाही.
हे न विचारणं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

अंबादासनं बावीस वर्षं टॉवेल विणले.
कारखाना बंद पडला, माग किलोवर भंगारात गेले,
त्याच्या कानातला तेवढा कुणी उचलला नाही.
रात्री दोनला तो सुरू होतो.
खटक खटक, खटक खटक.
अंबादास बायकोला उठवतो, म्हणतो, बंद कर.
ती म्हणते, काय बंद करू?
मग तो मारतो.
शिंदीच्या दुकानातलं पांढरं पाणी प्यालं
की म्हणे तासभर माग थांबतो.
आवाज आधी आला की पिणं आधी,
हे कुणी विचारलंच नव्हतं.
सासूनं चार अमावास्या लिंबं उतरवली.

सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, आजार आहे, गोळ्या आहेत.
मी मान हलवली.
अनसूया दोऱ्याची गाठ दातानं तोडत म्हणाली,
“आजार हाय म्हणताव.
मग माझा दात पाडला तो कुणी?
आजारानं का त्यानं?”

मी म्हटलं, तो आजारी आहे.
आणि तुझ्यावर हात टाकायचा हक्क आजारालाही नाही.
बोलून झालं आणि मलाच ते पाठांतर वाटलं.
माझ्या आईला हे सांगायला कुणी आलं नव्हतं.
आमच्या दारात लोक यायचे
ते उधारी मागायला.

भाग्यलक्ष्मी, वय नऊ.
छाट विड्या वेगळ्या काढते, बोलत नाही.
एकदाच म्हणाली:
“अप्पा पाय ओढत आले तर मी झोपते.
पाय आपटत आले तर दप्तर घेऊन पलंगाखाली.”
दप्तर कशाला गं?
“फाडतेत.”

आता मी नळाच्या दिवशी जाते.
पाणी पाचव्या दिवशी येतं, सगळ्या बाहेर असतात,
घागरी भरताना तोंडं सैल होतात.
तिथंच शेजारच्या रुखसानाबी म्हणाल्या,
“भिंत तर एकच हाय आपली.
वाटी मार की गं तिच्यावर.”

मे महिन्यात एका रात्री वाटी वाजली.
सात बायका आल्या, सुपं घेऊन.
ओरडलं कुणी नाही.
उंबऱ्यापासून मोरीपर्यंत बसल्या आणि
रात्री दोन वाजता विड्या वळायला लागल्या.
अंबादास मधोमध उभा, हात अर्धा उचललेला.
विचारलं, “तुमालाबी ऐकू येतंय?”
रुखसानाबी म्हणाल्या, “नाही भाऊ. बसतो आम्ही.”

त्यानं हंड्याला लाथ घातली आणि निघून गेला.
पाच दिवसांचं पाणी
अंगणभर.

गुरुवारी तो सिव्हिलला आला, केसपेपर घडी घालून घालून
रुमालाएवढा केलेला.
रांगेत त्याच्या शेजारी मी बसले.
अनसूया आली नाही. तिनं का यावं?
ती पोरीला घेऊन बहिणीकडं अक्कलकोटला,
संरक्षण अधिकाऱ्याकडच्या अर्जाची पोच
तंबाखूच्या डब्यात.
परत येईल का, मला माहीत नाही.
यावं असं वाटतं का, हे मी स्वतःला विचारत नाही.

दुसऱ्या ओळीत मी लिहिलं:
भिंत एकच. वाटी स्टीलची.
वरिष्ठांनी लाल पेनानं गोल करून
कडेला लिहिलंय, ‘स्पष्ट करा’.