न्हाण

घणसोली, सेक्टर तीन. रिक्षास्टँडला पाठ लावून
माझं झेरॉक्सचं दुकान.
सकाळी एका सोसायटीची पाटी छापली:
बॅचलरना जागा मिळणार नाही.
दुपारी त्याच काचेवर पालथी पडली
एक बॅचलर ऑफ आर्ट्स,
वय एकावन्न, दोन जावई,
गुलाब मढवी, राहणार तळवली.

लॅमिनेशनचं मशीन तापायला पाच मिनिटं घेतं.
तेवढ्यात तिनं विचारलं,
ह्या बॅचलरला आपल्यान काय बोलतान?

पदवीधर, मी म्हटलं.
बाकावर पेन्शनचे कागद लावत बसलेले
टेंभे सर मान वर न करता म्हणाले,
बॅचलर म्हणजे शिकाऊ शिलेदार,
ज्याला स्वतःचं निशाण नाही, असं म्हणतात.
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
आपला शब्द जुना. स्नातक.
म्हणजे न्हालेला.
गुरूकडचं शिकणं संपलं की पोराला आंघोळ,
मग तोवर वर्ज्य होतं ते सगळं एकदम:
चंदन, काजळ, नवं वस्त्र,
पायात जोडा, डोक्यावर छत्री.

गुलाबताई हसली.
आधी पदराआड, मग पदर सोडून.
मना पन न्हान आला होता, सर. सातवीन.
हलद लावली, बायांनी गानी बोलली,
हिरवी चोली.
दुसरे दिशी बापूस बोलला, दप्तर ठेव.

सरांनी चष्मा काढला, पुसला,
घातला नाही.
मशीनचा हिरवा दिवा लागला होता,
बराच वेळ लागलेला असावा.

कागद आत सरकला.
चाळीस वर्षं अडकलेली वस्तू
दुसऱ्या बाजूनं गरम होऊन बाहेर आली,
कडेला एक बुडबुडा राहिला,
तो मी अंगठ्यानं दाबत बसलो.

जाड फिल्म लावलीस ना? तिनं विचारलं,
मोरीच्या भिंतीला लावनार हाय.
लावा की, मी म्हटलं,
आता बादली ओतलीत तरी
पाण्याचा थेंब लागणार नाही.

मंग काय उपेग,
म्हणाली,
आणि चाळीसचे तीस देऊन गेली.

सर नंतर उठले. छत्री विसरले.
खिळ्याला टांगली आहे,
सोसायटीच्या पाटीची एक प्रत
वाकडी छापली गेली होती, तिच्याशेजारी.