दहाचा फ्यूज

उद्यमबागेत ताईचं दुकान आहे, मोटर रिवाइंडिंगचं.
पाट्या दोन, एक कानडी एक मराठी,
दोन्हींवर फोनचा शेवटचा आकडा उडालेला.
ज्याला यायचं तो वासावरनं येतो:
वार्निश, जळकी तार, करपलेला चहा.

यंदा सुट्टीला आलो ते बोट घेऊनच.
अडीच फुटांची, पुण्यात गॅलरीत बसून केलेली,
मागं दोन मोटरी, दोन पंखे,
एक उजवा फिरणारा, एक डावा,
मध्ये बॅटरी एकच.
पन्नाशीला टेकलेल्या माणसानं होडी खेळावी
याचं ताईला काही वाटलं नाही.
तिनं आधी झाकण उघडलं.

"पॅरलल जोडलास?"
"हो."
"बरं केलास. सिरीजला घातलं असतास
तर मोकळा फिरणाराच सगळे व्होल्ट खातो,
ओझंवाला उपाशी."
मग बादलीत बोट धरून मीटर लावला.
इकडं दोन अँपियर, तिकडं दोनला जरा वर.
"जुळी हाईत की," म्हणाली,
आणि फ्यूजकडं बघून काहीतरी म्हणणार होती
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बोअरचा पंप घेऊन.

कणबर्गीच्या तळ्यावर सकाळी आम्ही दोघं,
आणि म्हशी धुणारा एक पोरगा.
त्यानं कानडीत विचारलं, किती लांब जाती?
ताईनं मराठीत सांगितलं, बघू या की.
दोघांनाही कळलं.

गेली. सरळ गेली, पाणी दोन्हीकडं सारखं कापत,
मी रिमोट धरून उभा, उगाच ताठ.
मग जलपर्णीच्या कडेला डावा पंखा अडकला
आणि बोट स्वतःभोवतीच फिरायला लागली,
डावीकडं, डावीकडं, डावीकडं.
मला वाटलं, आता फ्यूज उडेल.
मी फ्यूजची वाट बघत राहिलो.
धूर आला. फ्यूज उडाला नाही.

पोरग्यानं पोहत जाऊन आणली.
म्हशी तशाच उभ्या.

दुकानात ताईनं मोटर उकलली.
आत काळं, तारेचं लाखेसारखं झालेलं.
"फिरणारी मोटर," ती म्हणाली,
"आपला आपण उलटा दाब धरती,
येणाऱ्या करंटला म्हणती, पुरे.
अडली तिला पुरे म्हणाय येत नाही.
ती ओढतच राहती."
"पण फ्यूज?"
"कितीचा घातलास?"
"दहाचा."
"ही अडकून सात ओढाली असंल. ती मोकळी, दोन.
किती झालं?"
नऊ.
"मग कशाला उडंल?
त्याला बेरीज तेवढी कळती."

बाहेर कुणीतरी लेथ चालू केला.
आई सहा वर्षं अंथरुणावर होती.
मी महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवायचो,
एकदाही चुकलो नाही,
औषधं, बाई, डायपर, सगळं धरून
हिशेब दर महिन्याला बरोबर यायचा.
रात्री दोनला कूस कोण बदलायचं
हे त्या हिशेबात कुठल्या रकान्यात
मी कधी विचारलं नाही.
हे ताई बोलली नाही.
मीही नाही.
ती चिमट्यानं तार सोडवत होती.

संध्याकाळी तिनं नवी तार भरली.
वेढे कानडीत मोजते, उस्ताद तसा होता;
चुकली की शिवी मराठीत.
ओंदु, एरडु, मूरु…
चाळिसाच्या पुढं मी दिवा जवळ धरला,
तर म्हणाली, "सावली पडाली, सरक."

मग ड्रॉवरमधनं दोन फ्यूज काढले, चार-चारचे,
एकेका वायरीत एकेक.
"आता जिचं तिला."

बोट आता चालते. डावीकडं किंचित ओढते,
नवी तार जुनीशी तंतोतंत जुळत नाही,
रिमोटवर दोन खाचा उजवीकडं ठेवाव्या लागतात.

तो दहाचा फ्यूज माझ्या पाकिटात आहे.
उजेडात धरून बघतो कधीकधी.
आतली तार चकचकीत, सलग.
त्याला काहीही झालेलं नाही.