दुय्यम

कुओपिओत डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
राउहाने खोलीतला दिवा लावलेला नाही;
सूक्ष्मदर्शकाखाली नीलोच्या पेशी आहेत,
दंडावरून घेतलेला मसुराएवढा तुकडा,
त्याची ही सातवी पिढी.

मूळ दोष केव्हाच सापडलाय:
एक अक्षर चुकलं, एक विकर घडलंच नाही.
त्यावर पेपर झाले, कुणाला बढतीही मिळाली.
राउहा बघते ते त्यानंतरचं.
केर न्यायला कोणी आलं नाही
म्हणून पेशी दाराशी पिशव्या रचत जाते,
मग दारच उघडत नाही,
मग आतल्या जुन्या शेगड्या कोणी काढत नाही,
त्या धुमसत राहतात.
विकराशी त्यांचं थेट नातं नाही.
कानामागून आल्या आणि तिखट झाल्या.

अहवालात या रकान्याचं नाव: दुय्यम.

काल नीलोची आई आली होती, योन्ना,
फॉर्मवर सही करायला.
बूट दारात काढून मोज्यांवरच चालत आली.
म्हणाली, तो आता जिना विसरलाय.
मग, कोणी विचारलं नसताना,
की थोरली घरी जेवत नाही,
की नवरा गाडीतच बसून राहतो, इंजिन बंद करून,
की सरोवराकाठची झोपडी विकली,
सौनाच्या बादलीसकट.

राउहाने मान हलवली.
त्यासाठी फॉर्मवर जागा नव्हती.

आता ती हिरवे ठिपके मोजते.
एकशे बारा. पुन्हा मोजते: एकशे नऊ.
दोन्ही आकडे लिहून ठेवते.