सुरगाठ

पंखा बंद कर, केतकी, मग डबी उघड.
पावाएवढा तुकडा, वजन तीन ग्रॅम,
आत बहुतेक माटुंग्याची दमट हवा.

चार वर्षं आम्ही जेलमधून पाणी काढतोय,
असं की घराला कळू नये माणसं गेली.
घाई केली की भिंती आत ओढल्या जातात,
सकाळी ट्रेमध्ये खारीक.
दाबाची टाकी हे सांभाळते, पण तिचं बिल पाहून
विभागप्रमुख चष्मा काढून बसतात.

मागच्या गुरुवारी धारावीत गेले, तुकडा पिशवीत.
हसीनाबी प्लास्टिक कानाशी धरून नखानं वाजवते,
आवाजावरून गोणी ठरवते :
बादली, खुर्ची, सलाईनची नळी.
हा वाजलाच नाही.
तिनं काडी लावली, वास घेतला.
वितळला नाही, नुसता काळा पडला.
"बनवलंत खरं, बाई. मेल्यावर कुठल्या गोणीत?"

उत्तर नव्हतं. चहा मात्र घेतला.

प्रत्येक सांध्याला मी निरगाठ मारत आले होते.
पक्कं तेच चांगलं, हे कुणी शिकवलं कोण जाणे.
आता सुरगाठ घालून बघतेय :
कोमट आम्लात टोक ओढलं की धागा मोकळा,
पुन्हा ओतता येईल असा.
आणि टाकीविना, उघड्या ट्रेमध्ये, खिडकीशी.

सतरावा नमुना वाकडा सुकला.
एक कोपरा बसलाय,
बाकीचा उभा आहे.

एक गोणी रिकामी ठेव, म्हणून तिला कळवलं.
उलट निरोप आला :
रिकाम्या गोणीलाही जागेचं भाडं पडतं.