बुडख्याचे गुलाब

वार्दोत सूर्य यायला अजून नऊ दिवस होते.
सकाळचे दहा, खिडकीत काळोख.
ओड्वारने दुकानातले सेलरीचे बुडखे दिले,
फेकणारच होतो, म्हणाला.

बुडखा लाल रंगात टेकवायचा, कागदावर दाबायचा,
उचलला की गुलाब.
"खरंच गुलाब!" सुन्निवा किंचाळली,
मग कोण कुणाला आवरतंय?
गुलाब कागदावर, बाकावर, एस्किलच्या कपाळावर.
वास मात्र भाजीचा.

आइलाने एकच उमटवला.
मग जाड ब्रश घेतला, पांढरा रंग,
आणि फूल पार झाकून टाकलं.
"अगं, हे काय?"
"बर्फ,"
माझ्याकडे न बघता.

मी बोलणार होते काहीतरी,
उजेडाबद्दल, धीराबद्दल, बाई बोलतात तसलं.
पण तिचा ब्रश अजून चालला होता कडेकडेने,
पांघरूण खोचावं तसा.

कागद दोरीवर टांगले. चिमटे कमी पडले.

आज येऊन दिवा लावला, तर
आइलाच्या पांढऱ्यात मधोमध
गुलाबीसर काहीतरी वर आलंय.
तिला अजून सांगितलेलं नाही.
ती दाराशी हातमोजे वाळत घालतेय,
एक उलटा, एक सुलटा.