आधी पाठ

सावद्याच्या लग्नात भाचा भेटला, पुण्याहून आलेला.
भरीत वाढून घेताना बाही मुद्दाम मागे सारली,
म्हणाला, मावशी, दोन लाख ऐंशी.
मला वाटलं, प्लॉटचं बोलतोय.

मनगटावर थाळीएवढं काहीतरी, त्यात आणखी तीन वाट्या.
मी वेळ विचारली. त्याने फोन काढला.
"हे चार मिनिटं मागे आहे," म्हणाला,
"आणि हे वेळ बघायला नसतंच."

एकतीस वर्षं मी भुसावळच्या कंट्रोलात काढली.
कुठली मालगाडी कुठे किती मिनिटं अडली
हे लिहून लिहून बोटाला घट्टा पडला.
वेळ बघायला नसतं, तर मग कशाला असतं,
हे विचारायचं राहिलं, कारण जिलेबी आली.

माझं जुनं त्याच उन्हाळ्यात गेलं होतं.
जळगावला मोठ्या दुकानात गेले. ए.सी., खुर्ची, पाणी.
बायकांसाठी म्हणून पोरीने जे जे काढलं
ते सगळं हरभऱ्याच्या डाळीएवढं,
आकड्यांच्या जागी चमकी.
"आकडे असलेलं दाखव ना," म्हटलं.
ती म्हणाली, मॅडम, ब्रँड बघा.
बघितला. ब्रँड स्वच्छ दिसत होता.

म्हणून सिकंदर तडवी.
जामनेर रोडला, झेरॉक्स आणि चपलांच्या दुकानांमधली फट,
तीत एक स्टूल, एक काचेचं खोकं, एक माणूस.
डोळ्याला भिंग, पंखा बंद,
बाहेर पंचेचाळीस.
"पंखा लावला तं कमान उडते, ताई."

ट्रे सरकवला. मी निळ्या तबकडीचं एक चकचकीत उचललं.
"ठेवा ते. तोंड रंगवेल आहे."
भिंग माझ्या हातात दिलं:
खरी अक्षरं काठाला फुटत नाहीत.
ही फुटली होती, ओल्या पावतीवरच्या शाईसारखी.
"आधी पाठ बघायची. तोंड काय, कोणीबी धुऊन येतं."

मग एकेकाचं झाकण उचकटत गेला.
हे जपानी, सेलवरचं, साडेआठशे, तुमच्या-माझ्यामागेही चालेल.
हे मोठ्या नावाचं, आत तेच जपानी:
"पाटीचं भाडं वीस हजार, बिऱ्हाड एकच."
हे स्विस, पण याचं एक चाक मुंबईतही मिळत नाही,
"घेऊ नका. माझा धंदा होईल नुसता."

शेवटी ड्रॉवरमधून, पिवळ्या फडक्यातून,
चावीचं एचएमटी. पांढरी तबकडी, काळे आकडे,
बारा म्हणजे बारा.
काचेवर ओरखडे; त्याने वर टूथपेस्ट लावली
आणि दात घासावेत तशी घासली, न बोलता, बराच वेळ.
मी कानाला लावलं.
रात्री साडेतीनला सगळे फोन गप्प असले
की कंट्रोलातलं भिंतीवरचं असंच ऐकू यायचं.

"सोळाशे. पण आज नाही घ्यायचे.
आठ दिवस घाला, फरक लिहून आणा."

लिहिला. मला तेवढंच येतं.
सोमवार, उणे बारा सेकंद. मंगळवार, उणे चौदा.
बुधवारी चावी द्यायची विसरले, बंद.
गुरुवारी गच्चीवर पापड वाळत घातले, उणे तीस.
शुक्रवारी का कोण जाणे, शून्य.
त्याने कागद प्रगतिपुस्तकासारखा वाचला
आणि आतलं काहीतरी केसभर सरकवलं.

पैसे देताना विचारलं, तुमचं नाव कुठे येतं का हो यावर?
हसला. झाकणाची आतली बाजू भिंगाखाली धरली.
सुईने कोरलेलं, तिळावर लिहावं तसं:
कुणाचं तरी ८१, मग "बा. मो." आणि ९६,
त्याखाली एक न लागणारं अक्षर,
ज्यांनी ज्यांनी हे उघडलं ते सगळे.
सगळ्यात खाली त्याने सि. त. कोरलं, महिना टाकला,
फुंकर मारली,
झाकण दाबलं. टक्.

भाचा परवा आला होता. म्हणाला, हे कुठलं?
जामनेर रोडचं, म्हटलं.
आणि पाच बेचाळीस झालेत, ऊठ,
गाडी चुकेल.