जेवण धरून

रात्रीचे साडेअकरा. वेंगुर्ल्यात बंदरावरचे दिवे सोडले
तर जागी मीच, आणि ही एक्सेलची शीट.
पहिला रकाना मुहूर्तांचा.
तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत एकतीस.
त्यातले सात असे, की एकाच दिवशी दोन घरी वऱ्हाड,
आणि मी एकटी. म्हणजे चोवीस.
चोवीस दिवसांनी ओढायचे बारा महिने.

दुसरा रकाना खर्चाचा.
कॅमेऱ्याचा हप्ता. दुसऱ्या कॅमेऱ्याचा हप्ता.
इनासचा ड्रोन, जो गेल्या वैशाखात
माडाच्या चुडतांत अडकला
आणि नवरीच्या काकाने लुंगी खोचून वर चढून काढला.
पेट्रोल, शिरोडा ते कुडाळ.
हार्ड डिस्क दोन, कारण एक मरतेच.
आणि बुरशी.
बुरशी कुठल्या रकान्यात लिहायची?
खारी हवा लेन्समध्ये शिरते,
काचेच्या आत पांढरी मुळं सोडते,
मग नवरी धुक्यातून चालत येते
आणि लोक म्हणतात, वा, काय इफेक्ट दिलात!

सुरुवातीला आठ हजार घ्यायचे.
अल्बमसकट, जेवण धरून.
जेवण म्हणजे शेवटची पंगत,
सोलकढीच्या भांड्यात नुसती कोथिंबीर,
आणि वाढता वाढता कुणीतरी म्हणणार,
तुझा काय गो, बटणच तर दाबूचा.
बटण दाबायला लागतंच काय?
दाबायचं नाही कधी, ते शिकायला नऊ वर्षं गेली:
पाठवणीच्या वेळी मोरीत जाऊन
बाप तोंडावर पाणी मारत होता,
दार अर्धं उघडं होतं, उजेडही छान होता.

काल सत्यवती केळुसकर आली, बाजार उठवून.
टोपली दाराबाहेर ठेवली, पाय पुसले.
धाकटीचं लग्न, माघात.
मी म्हटलं, पंचेचाळीस हजार.
तिच्या कपाळावर काही हललं की नाही कोण जाणे,
मीच घाईने म्हणाले, तुमच्यासाठी पस्तीस.
तीससुद्धा चालतील.

शिळ्या बांगड्याकडे बघावं तशी बघत राहिली.
"मियां इचारलंय काय तुका, कमी कर म्हणान?
गिरायकान तोंड उघडूच्या आधी भाव उतरलो
काय लोक माशाचे कल्ले उघडून बघतत, गो."
मग पदराने मान पुसत,
"होडी रिकामी इली तरी डिझेल जळताच.
ता कोण भरता? दुसऱ्या दिवसाची सुरमय भरता.
पावसात काय खातंस तू?"

पावसात मी पासपोर्ट फोटो काढते.
शाळेच्या फॉर्मचे, आठ प्रती साठ रुपये.
हे तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं.
"आमची पण बंदीच आसता," म्हणाली.

पंचेचाळीसच ठरले.
आणि ठरल्यावर तिने खरी घासाघीस काढली:
पानं चाळीस नको, पन्नास. इनासला हळदीलाही आण.
तुमची तिघांची पानं पहिल्या पंगतीत, माझ्या शेजारी.
कमरेच्या पिशवीतून आगाऊ पाच हजार दिले,
नोटा ओल्या, एकीला खवला चिकटलेला.
त्या मी ड्राय बॉक्समध्ये ठेवल्यात, लेन्सशेजारी.

उठता उठता तिने मतदान कार्ड काढलं.
नवऱ्याचं. एवढाच फोटो आहे, म्हणाली.
दर्यावर गेला तो आलाच नाही, अकरा वर्षं झाली.
"ह्येका पयल्या पानार घाल. मोठो कर.
आणि ह्येचे वेगळे लाव. फुकट नको."

शीटची शेवटची ओळ.
मतदान कार्डावरून, मोठा, स्वच्छ करून.
चेहरा नखाएवढा, वर सरकारी शिक्क्याची कड,
डोळे मात्र सरळ माझ्याकडे.
शून्य लिहिते. पुसते.
दोनशे लिहिते.
उद्या सकाळी ती येईल,
कागद हातात धरून आधी हाच आकडा बघेल,
कल्ले उघडून बघावं तसा.
दोनशे पुसते.
सहाशे.